राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि त्यांची खंजिरी

आमच्या माजरीचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी आगगाडीच्या खिडकीतून फलाटावरच्या पाटीवर तेवढे वाचले असेल. वर्धा-बल्लारशा मार्गावर वरोरा सोडले की हे जंक्शन लागते. येथून एक फाटा वणीकडे वळतो. गाव कोळशाचे. उघड्या खाणीत सुरुंग उडाला की घराची कौले थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांवर वाजतात. रात्री मालगाड्यांचे डबे जोडतानाचे दणके चालूच. येथल्या माणसाला कानाची विश्रांती म्हणून ठाऊक नाही. आवाज माणसाच्या देहाचे काय करतो, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही बरं का! दणका झाला की छातीत धस्स होते, झोप मोडते, आणि वर्षानुवर्षे हेच चालले की रक्तदाब वाढतो, असे डॉक्टर सांगतात.

आणि ह्याच टापूत, दिवेलागणीला, कोठल्यातरी देवळाच्या ओट्यावरून खंजिरीचा आवाज येतो. तोही आवाजच. पण तो कानी पडला की खांद्यावरचे ओझे कोणीतरी उतरवून घेतल्यासारखे वाटते. दोन्ही आवाजच, मग एकाने देह आखडतो आणि दुसऱ्याने सैलावतो, असे का व्हावे?

हा प्रश्न मनात येण्याचे निमित्त साधे घडले. शेजारचा एक मुलगा नोकरीनिमित्त मोठ्या शहरात असतो. तो सुट्टीला आला तेव्हा सांगू लागला की तिकडे आता साउंड हीलिंग म्हणून एक उपचार निघाला आहे. चटईवर उताणे निजायचे, कोणी काशाच्या वाट्या वाजवतो, त्याच्या लहरी अंगातून जातात आणि सारे दुखणे पळते. तासाचे पैसेही चांगले घेतात. मुलगा भला आहे, त्याला झोप येत नव्हती, तेथे जाऊन आल्यावर दोन रात्री लागली म्हणाला. त्याची आई मात्र पदराआड हसली. ती वीस वर्षे सायंप्रार्थनेला जाते, आणि तिला झोपेची तक्रार नाही.

म्हणून ह्या महिन्यात श्रीसंत तुकडोजी महाराजांचे चरित्र सांगावे असे योजिले. त्यांची चरित्रे पुष्कळ आहेत; देशसेवक म्हणून, समाजसुधारक म्हणून, ग्रामगीतेचे कर्ते म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्यांनी आयुष्यभर हातात धरली ती खंजिरी. नादाने माणसाचे काय होते आणि काय होत नाही, हे ज्यांनी हजारो गावांत, लाखो माणसांसमोर पाहिले, अशा पुरुषाचे चरित्र त्या बाजूने वाचले तर आपणां वारकऱ्यांना आपल्या टाळाकडेही नव्याने पाहता येईल.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली गावी झाला. वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. शिवणकामावर चालणारे गरिबीचे घर. मुलाचे नाव माणिक ठेवले. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत झाली. पुढे ज्यांच्या नावाचे विद्यापीठ व्हावयाचे होते त्यांची शाळा एवढीच! वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. लहानग्या माणिकला भजनाचा नाद इतका, की पाटी-पुस्तक एका बाजूला आणि हा देवळात. आडकोजी महाराजांनीच त्याला तुकड्या हे नाव दिले, आणि पुढे स्वतःच्या प्रत्येक पदाच्या शेवटी त्यांनी हेच नाव घातले. भिक्षेचा तुकडा म्हणजे ज्याला कोणी मोल देत नाही असा घास. असले नाव मिरवून घ्यावयास मन फार मोठे लागते.

गुरू गेले आणि मुलाचे घरात लक्ष लागेना. अजून मिसरूड फुटले नव्हते, तोच घर सोडून रामटेककडे, सालबर्डीकडे आणि मग आमच्या ह्या चांद्याच्या रानाकडे तो निघून आला. चिमूरजवळची गोंदोड्याची गुहा, रामदिघीचा डोह ही त्यांच्या तपाची ठिकाणे आजही दाखवतात. गोंदोड्याला लोक तपोभूमी म्हणतात. ज्यांनी हे रान पाहिले नाही त्यांना सांगतो : साग, मोह, बांबू, आणि उन्हाळ्यात पानगळ झाली म्हणजे जमिनीवर असा पाचोळा की ससा गेला तरी कळावे. शांतता म्हणजे आवाज नसणे नव्हे, हे रानात समजते. वारा असतो, पाखरे असतात, लांब कोठे सांबर ओरडते. पण त्यातले काही अंगावर धावून येत नाही. अशा ठिकाणी एक पोर दिवसच्या दिवस एकटे राहिले. महाराजांच्या पुढच्या सर्व कार्यात मौनाला जे स्थान दिसते, त्याचे मूळ येथे असावे असे मला वाटते. ज्याने पोटभर शांतता ऐकली आहे त्यालाच कोठे वाजवावे आणि कोठे थांबावे हे कळते.

रानातून ते गावात आले ते चिमूरच्या परिसरात, आणि आले ते गात. आता खंजिरी हे वाद्य पाहा. वीणा, टाळ, मृदंग हे आपल्या फडाचे वाद्यवैभव. त्याला माणसे लागतात, मृदंगाला शिकलेला हात लागतो. खंजिरी म्हणजे वितीएवढे लाकडी कडे, एका अंगाला ताणलेले चामडे, आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पावसाळ्यात चामडे सैल पडते, मग ती शेकोटीवर जरा शेकून घ्यायची. झोळीत मावते, किंमत थोडी, आणि आवाज तर असा तीक्ष्ण की लाउडस्पीकर नसतानाच्या काळात बाजाराच्या गलबल्यातून आरपार जावा. गोंड-गोवाऱ्याच्या, कुणब्याच्या, महाराच्या पोराने एकदा पाहिले की घरी जाऊन ताटलीवर तोच ठेका धरावा. महाराजांनी हे वाद्य निवडले यात त्यांचे अर्धे तत्त्वज्ञान आले.

त्यांचा आवाज पहाडी होता. पदे ते स्वतः रचीत, मराठीतही आणि हिंदीतही, आणि ती हजारोंनी आहेत. शब्द सोपे, चाल सोपी. पहिल्या वेळी ऐकले की दुसऱ्या वेळी म्हणता यावे अशी. गवयाच्या दृष्टीने त्यात फार काही नसेल. पण गवयाच्या गाण्यात श्रोता गप्प बसतो. महाराजांच्या भजनात श्रोत्याचे तोंड उघडते. येथेच त्या काशाच्या वाट्यांत आणि ह्या भजनात अंतर पडते. तेथे माणूस निजलेला असतो आणि दुसरा कोणी त्याच्यावर नाद सोडतो. येथे नाद ज्याच्या-त्याच्या बेंबीच्या देठातून निघतो.

ह्याला आज डॉक्टर लोकांचाही काही आधार मिळाला आहे, तो थोडक्यात सांगतो. आपण स्वस्थ बसलो असता मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. चिंता लागली, राग आला की ते वाढतात आणि उथळ होतात. आता एखादा लांब चरण एका दमात म्हणून पाहा. श्वास घेणे झटपट होते आणि सोडणे लांबते. सोडणे लांबले की मेंदूपासून हृदयाकडे आणि पोटाकडे उतरणारी जी एक मोठी मज्जा आहे तिचे काम वाढते आणि हृदयाची गती उतरते. इटलीतील डॉक्टरांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणावयास दिली आणि आपल्याकडचा एक योगमंत्रही दिला. दोहोंतही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली जी योजना आहे ती अधिक तल्लख झाली. धर्म दोन, भाषा दोन, परिणाम एकच. स्वीडनमध्ये २०१३ साली असे पाहिले की एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाची गती गाण्याच्या श्वासाबरोबर एकदमच कमी-जास्त होऊ लागते. म्हणजे आपण ज्याला एकचित्त होणे म्हणतो त्यात कवित्व थोडे आणि प्रत्यक्ष अधिक आहे.

आपल्या वारीत हे कोणाला ठाऊक नाही? आळंदीहून निघालेल्या माणसाच्या पायांना चौथ्या दिवशी फोड येतात. विसाव्याला बसला की त्याला वाटते आता उठणे नाही. तेवढ्यात दिंडीत टाळ वाजतो, पाय आपसूक उचलतो. फोड काही बरा होत नाही. त्याचे दुखणे तेवढे मागे सरते, आणि शेजाऱ्याच्या पावलाबरोबर आपले पाऊल पडू लागले म्हणजे श्रमही वाटून घेतल्यासारखे होतात. मुक्कामावर तो फोड धुऊन मलम लावणारी माणसे असतात, ती आपले काम वेगळे करतात. टाळाने टाळाचे करावे, मलमाने मलमाचे. महाराजांना हा भेद पक्का ठाऊक होता; ते पुढे येईल.

१९३५ साली सालबर्डीच्या यज्ञाला लाखोंचा समुदाय लोटला आणि महाराजांचे नाव विदर्भ-मध्यप्रांतात सर्वतोमुखी झाले. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. दुसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, महात्माजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला जाऊन सुमारे महिनाभर राहिले. तेथली एक आठवण भक्तमंडळी सांगतात. महात्माजींचा तो मौनाचा दिवस होता. महाराजांनी भजन म्हटले. भजन संपले आणि महात्माजी आपले मौन विसरून ते पुन्हा म्हणावयास सांगून बसले. मौनाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण क्षणभर त्याचा नेम सुटला. शब्द बुद्धीला विचारून आत जातो; नाद विचारीत नाही, तो आधी आत जातो आणि मग आपल्याला कळते.

आणि नेमके हेच त्यातले भयही आहे. हे सांगितल्यावाचून चरित्र पुढे नेता येणार नाही.

१९४२ च्या ऑगस्टात देश पेटला. चिमूरची माणसे महाराजांच्या भजनावर वाढलेली; त्या दिवसांत त्यांच्या पदांतून देशाची हाक उघड ऐकू येत होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मिरवणूक निघाली. गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पडला. मग लोक अनावर झाले, सरकारी इमारती जळाल्या, अंमलदार मारले गेले. त्यामागून लष्कर आले आणि गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले ते लिहवत नाही. त्याची दाद लागावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस अन्न सोडले होते. तिकडे २८ ऑगस्टला चांद्याला महाराजांना पकडले आणि नागपूरच्या व पुढे रायपूरच्या तुरुंगात ठेवले. डिसेंबरच्या आरंभी ते सुटले.

चिमूर क्रांतीचा अभिमान आम्हां चांदेकरांना आहे आणि राहील. महाराजांनी कोणाला मारावयास सांगितले नव्हते, हेही खरे. तरी पण मला असे वाटते की खंजिरीच्या एकाच ठेक्याने हजार माणसांची छाती एकदम वर-खाली होऊ लागली म्हणजे त्या हजारांचे बळ कोठे वळेल हे वाजवणाऱ्याच्या हाती सर्वस्वी राहत नाही. जो नाद शांत करतो तोच पेटवतोही. द्रुत लय, उंच स्वर, दाटलेली गर्दी, मनात आधीच साठलेला अन्याय. यातून देहात जे उसळते ते प्रार्थनेतल्या शांतीच्या अगदी उलट असते. हल्ली मिरवणुकांतून भिंतीएवढे भोंगे लावून जो धुमाकूळ चालतो, त्यात तर ना देशाची हाक ना देवाची. नुसते छातीवर दणके. म्हाताऱ्यांची छाती आणि पोरांचे कान यांचे काय होते ते कोणी पाहत नाही. असो.

तुरुंगातल्या शंभरेक दिवसांत महाराजांच्या मनात काय चालले असेल ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. बाहेर आल्यावर त्यांनी काय केले ते मात्र दिसते. १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे काम उभे राहिले, गावोगाव शाखा निघाल्या, आणि ह्या सर्वांचा कणा म्हणून त्यांनी काय ठेवले? सभा नव्हे, मिरवणूक नव्हे. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना.

ह्या प्रार्थनेची रीत पाहण्यासारखी आहे. वेळ ठरलेली. सगळ्यांनी ओळीत, सारख्या अंतरावर, ताठ बसायचे. पाटील पुढे आणि मजूर मागे असे नाही. बायाही त्याच प्रार्थनेत. समोर कोठल्या एका पंथाची मूर्ती नाही, नुसते अधिष्ठान. एका चालीत, एका लयीत म्हणायचे. कोणी आवाज चढवून आपला गळा दाखवायचा नाही. आणि मध्ये मौन. खंजिरीने लोकांना गोळा करणाऱ्या ह्या पुरुषाने गोळा झालेल्या लोकांना गप्प बसावयास शिकवले! ताठ बसल्याने श्वासाला वाट मिळते, एका लयीने तो लांबतो, मौनात तो तसाच राहतो. नाद ओसरल्यावर जी शांतता उरते तीत मनाला आपले आपण दिसते. घंटा वाजून गेल्यावर कानात काही वेळ जो गुंजारव राहतो, तो थांबेपर्यंत कोणी बोलू नये, असे आमचे जुने लोक का म्हणत ते येथे कळते.

ह्या प्रार्थनेचे एक फळ विशेष सांगावयाचे आहे, कारण ते आमच्या कामगारवस्तीचे दुखणे आहे. मजूर माणसाला दारू कोणत्या वेळी आठवते? पाळी संपते, अंग ठणकत असते, डोक्यात अजून यंत्राची घरघर चालू असते, घरी चूल पेटायची असते, त्या तासाभरात. महाराजांनी व्यसनांविरुद्ध जन्मभर भजने केली, पण नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. तो तासच त्यांनी भरून काढला. नेमक्या दिवेलागणीला माणसाला ओट्यावर बसवले, शेजारी चार माणसे बसवली, तोंडात नाम घातले. श्रमाने आखडलेले अंग सैल व्हावे म्हणून तो गुत्त्याकडे वळत होता. ते सैल होणे त्याला येथे फुकट मिळाले, आणि सकाळी डोके दुखणेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली सरकारने दारूबंदी केली आणि २०२१ साली उठवली. कायदा यावा की न यावा यावर मोठमोठे वाद झाले. मला त्या वादात पडावयाचे नाही. कायद्याने दुकान बंद होते. संध्याकाळचा तो रिकामा तास बंद होत नाही, इतकेच नमूद करतो. सगळेच पिणारे प्रार्थनेने सुटतात असेही नाही. कित्येक पंधरा दिवस येतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. ज्याचे यकृत बिघडले, हात थरथरू लागले, त्याला दवाखान्यातच न्यावे लागते, एकाएकी सोडवली तर जिवावर बेतते. पण उपचार घेऊन परत आल्यावर बसावयास एक जागा हवी असते ना?

आणि महाराजांचेही म्हणणे हेच होते की देहाच्या रोगाला देहाचे औषध. १९५५ साली पूर्ण झालेल्या ग्रामगीतेत एकेचाळीस अध्याय आहेत. त्यांत सामुदायिक प्रार्थनेवर अध्याय आहे तसा गावाच्या आरोग्यावरही आहे. स्वच्छता, शुद्ध पाणी, खाणेपिणे, व्यायाम, वेळेवर निजणे-उठणे ह्या गोष्टी त्यांनी ओव्यांत घालून सांगितल्या. अंगात आले, देव कोपला, म्हणून कोंबडे-बकरे कापीत बसणाऱ्यांवर ते सडकून टीका करीत. मांत्रिकाची फुंकर आणि संतांचे नाम यांची गल्लत त्यांनी कधी होऊ दिली नाही. गुरुकुंजात त्यांनी आयुर्वेदाला स्थान दिले. तेथे आयुर्वेद महाविद्यालय चालते. माझी खंजिरी ऐका, ताप उतरेल, असे त्यांनी म्हटल्याचे कोणी सांगत नाही. शेकडो गावे त्यांच्या शब्दावर उभी होती. म्हटले असते तर लोकांनी विश्वासही ठेवला असता. ते त्यांनी म्हटले नाही, ह्याला मी त्यांच्या सिद्धींपेक्षा मोठे समजतो.

नादाच्या नावाने आज जे जे विकले जाते त्यातले खरे किती, हे ताडून पाहण्यास ही एक कसोटी पुरे आहे. मन शांत होणे, झोप लागणे, दुखण्याची धार थोडी बोथट होणे, एकटेपणा कमी होणे. इतके गाण्याने, जपाने, तालाने होते, आणि ते थोडे नाही. गाठ विरघळते, साखर जाते, मोडलेले हाड सांधते असे कोणी सांगू लागला की चपला पायात घालाव्या.

पुढच्या वर्षांचे चरित्र वाचकांना बहुतेक ठाऊक आहे, म्हणून ते भरभर सांगतो. १९५५ मध्येच ते जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. तेथे मराठी-हिंदी कोणाला कळणार? पण खंजिरीवर बोट पडले आणि परक्या मुलखातल्या माणसांनी माना डोलावल्या, असे सांगतात. आणि ते अवघड वाटत नाही, लयीला दुभाषा लागत नाही. १९५६ साली भारत साधू समाज स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९६२ च्या चिनी आक्रमणात आणि १९६५ च्या युद्धात ते सीमेवर जवानांपुढे जाऊन गायले. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिकडे धावले. घर पडलेल्या माणसापुढे भजन म्हणणे सोपे नसते. त्याला आधी पांघरूण लागते, भाकरी लागते. ती पोचल्यावर मात्र, रात्री उघड्यावर पोरे दचकून उठतात, तेव्हा कोणीतरी ओळखीच्या चालीत गुणगुणावे लागते. आई अंगाई गाते ती पोराला अर्थ कळतो म्हणून थोडीच?

१९६८ साली महाराज आजारी पडले. निदान कर्करोगाचे निघाले. वय अवघे एकोणसाठ. डॉक्टरी उपचार झाले, भक्तांनी गावोगाव प्रार्थना केल्या, आणि तरीही रोग हटला नाही. त्या वेळी पुष्कळांना असा प्रश्न पडला असेल की ज्याने लाखोंच्या मनाचे ताप उतरवले त्याचा देह नामाने का वाचला नाही. हा प्रश्न भाविकाला टोचतो, म्हणून तो झाकून ठेवणे बरे नाही. आपल्या संतांपैकी नामाच्या बळावर देह टिकवून कोण राहिला? ज्ञानोबा एकविसाव्या वर्षी गेले. नाम देह राखण्याचा सौदा म्हणून कोणी घेतलेच नव्हते. महाराजांनी वेदना सोसल्या त्या तुम्ही-आम्ही सोसतो तशाच देहाने. त्या सोसताना मन कोठे होते, एवढाच फरक. आणि त्या फरकासाठीच जन्मभर खंजिरी वाजवली होती.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. आश्विन वद्य पंचमीची तिथी होती.

दरवर्षी त्या तिथीला मोझरीला पुण्यतिथीचा मेळा भरतो. आमच्याकडून माणसे आगगाडीने, मोटारीने, कित्येक पायी पालख्यांबरोबर जातात. आपण पंढरीची गर्दी पाहिलेली माणसे, आपल्याला लाखांचे अप्रूप नाही. आठवडाभर भजनाला खळ नसतो. खंजिऱ्या, टाळ, मृदंग, लाउडस्पीकर, पोरांची रडणी, दुकानदारांची आरोळी. शेवटच्या दिवशी दुपार कलली की लोक समाधीसमोर आणि पार मैदानभर ओळी धरून उभे राहू लागतात. घड्याळाचा काटा चार अठ्ठावन्नवर येतो आणि सारे थांबते. भोंगे बंद, दुकाने बंद, चालणारा जेथल्या तेथे उभा. आमच्या गावातला एक खाणकामगार पहिल्यांदा गेला होता. आल्यावर सांगत होता की त्या शांततेत त्याला आधी भीतीच वाटली, कारण इतकी माणसे आणि इतका कमी आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. मग त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला, शेजारच्या म्हातारीचा ऐकू आला, आणि हातातल्या खंजिरीच्या चकत्या वाजू नयेत म्हणून त्याने ती छातीशी धरून ठेवली.